वकीलसाहेबांचा पॅरोल

गेल्या वर्षभरात माझं जे वजन वाढलं आहे, ते माझं नाही. ते वामनराव इंगोले वकिलांचं आहे. मी ते फक्त सांभाळतो आहे. हे मी डॉक्टरांना अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर नेला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि साखर तपासायला लिहून दिली. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "खरं आहे डॉक्टर. दर रविवारी घेऊन जातात ते यांना."

वकीलसाहेब म्हणजे आमचे शेजारी. अमरावतीत साईनगरात आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे. दर रविवारी सकाळी ते फाटकाशी स्कूटर उभी करतात, हॉर्न वाजवत राहतात, आणि मी चपला घालेपर्यंत थांबत नाहीत. मग आमची वरात गिला वड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याच्या, गाडीवर. वकीलसाहेब दोन प्लेटी सांगतात आणि दोन्ही माझ्यासमोर सरकवतात. त्यातल्या एका प्लेटीतला एक घास स्वतः घेतात. चव घेणं म्हणजे खाणं नव्हे, असा त्यांचा पक्का दावा आहे.

"हं. खा आता."

"अहो, दोन्ही?"

"एक तुमची, एक माही. माही तुमी माह्या वतीनं खा. वकील पक्षकाराच्या वतीनं बोलते का नाई? मंग तसंच."

आणि मी खायला लागलो की उलटतपासणी सुरू होते.

"दही आंबट आहे काय?"

"आहे थोडं."

"थोडं म्हंजे? साक्षीदारानं मोघम बोलू नये, सर."

"गेल्या रविवारपेक्षा आंबट, ताकापेक्षा कमी."

"हां, असं. अन् मिरची कुठं लागून राहिली? जिभेले का घशाले?"

घशाला, असं मी सांगितलं की ते डोळे मिटतात आणि समाधानाने मान हलवतात. गाडीवाला हे सगळं पाहत असतो. आता त्याला सवय झाली आहे, पण सुरुवातीला त्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, साहेबांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही तेच विचाराल.

वकीलसाहेब जिल्हा न्यायालयात उभं आयुष्य वकिली करून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. भाजीवालीने तुरीच्या शेंगा कालच्या आहेत हे कबूल केलं नाही तर ते म्हणतात, "मावशी, शपथेवर सांगा." नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाला 'प्रतिवादी' म्हणतात. उंची बेताची, आणि रुंदीचा बेत हातून सुटलेला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर तो थोडाफार ताब्यात होता. काकू गेल्या आणि घरातली चूल चहापुरती उरली. सकाळी कोपऱ्यावरचा आलूबोंडा, संध्याकाळी कचोरी, आणि मध्ये टीव्हीसमोर मुंगवडे. जेवण असं नव्हतंच, नुसतं खाणं होतं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"सर, मले अटक झाली आहे."

मी दचकलो. "कोणी केली?"

"सोफ्यानं."

मी आणि बायको धावत गेलो. वकीलसाहेब सोफ्यात खोल बसले होते आणि त्यांचे गुडघे त्यांना उठू देत नव्हते. आम्ही दोघांनी एकेक हात धरला, बायकोने "एक, दोन" म्हटलं, आणि तीनला वकीलसाहेब जामिनावर सुटले. सुटल्यावर त्यांनी आधी आमचे रीतसर आभार मानले आणि मग झालेली गोष्ट बाहेर फुटता कामा नये अशी ताकीद दिली. बायकोने त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला पुण्याला फोन केला. मी तिला दोष देत नाही. हसताना तिचे डोळे भरून आले होते.

मुलगा निखिल पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पोरगा भला आहे, पण त्याची नोकरी त्याला माणसासारखं वागू देत नाही. अमरावतीला तो शेवटचा आला होता तो काकूंच्या वर्षश्राद्धाला. बाकी सगळं फोनवर, तेही गाडी चालवताना. त्याने फोनच्या पडद्यावर वडिलांना पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, की दिवाळीपर्यंत वजन नव्वदच्या आत आणा, नाहीतर पुण्याला या. कायमचे. घर भाड्याने देऊन टाकू.

वकीलसाहेबांना आयुष्यात एवढा कडक निकाल कोणी ऐकवला नव्हता. ते माझ्या व्हरांड्यात येऊन बसले तेव्हा चेहरा उतरला होता.

"मी पुण्याले राहून पाह्यलं आहे, सर. वरणात गूळ टाकतात थे. विचारलं का टाकला, तं म्हणतात चव येते. गुन्हा बी करतात अन् वरून कबुली बी देतात!"

"मुलाचं घर आहे ना, वकीलसाहेब."

"घर नाई, फ्लॅट. अकराव्या मजल्यावर. लिफ्टमंदी चार माणसं उभी राहतात अन् सगळे आकड्याकडे पाहतात, तोंडाकडे कोणी पाहत नाई. इथं मी पानठेल्यापर्यंत गेलो तं धा जण विचारतात, काहून वकीलसाहेब, कुठं चालले? तिथं मले कोण विचारते?"

म्हणजे प्रश्न नुसत्या पोटाचा नव्हता. नव्वदच्या आत आले तर अमरावती, नाही तर अकरावा मजला.

सूनबाईने फोनवरूनच एक आहारतज्ज्ञ मुलगी लावून दिली. तिने ओट्स, काकडी, उकडलेली कडधान्यं असं सगळं बेचव सांगितलं आणि शेवटी दया येऊन म्हणाली, आठवड्यातून एक चीट डे घ्या, काका. त्या दिवशी आवडीचं खा.

आता एखाद्याने मुकाट्याने घेतला असता. वकीलसाहेबांना आधी त्या नावाचाच राग आला. "चीट म्हंजे फसवणूक. मी फसवणूक करून राहिलो काय? खुल्यानं खातो मी! कैद्याले पॅरोल भेटते का नाई, तसा हा पॅरोल म्हणा." त्या दिवसापासून अख्खी कॉलनी पॅरोलच म्हणते. दुधवालासुद्धा.

पण पॅरोल घ्यावा की घेऊ नये, हा मूळ मुद्दा राहिलाच. त्याची सुनावणी आमच्या व्हरांड्यात झाली. मी न्यायाधीश. दोन्ही बाजूंनी वकील तेच. डाव्या खुर्चीत बसले की आरोपीचे वकील, उजव्या खुर्चीत गेले की सरकारी. प्रत्येक वेळी उठताना गुडघ्यांवर हात ठेवून "आई गं" म्हणत, म्हणून खटला लांबला.

डाव्या खुर्चीतून ते म्हणाले, "मायलॉर्ड, माणसाले सहा दिवस काकडी चावाले लावली अन् सातव्या दिवशी बी काकडीच दिली, तं तो तुरुंग फोडीन. एका दिवसाची आशा आहे म्हून तो सहा दिवस नीट वागते."

उजव्या खुर्चीत जाऊन बसले आणि आवाजच बदलला. "मायलॉर्ड, आरोपी सराईत आहे. याले एक आलूबोंडा दाखवा, हा तुमाले कढईपर्यंत नेईन. पॅरोलवर सुटलेला हा माणूस परत येत नसते, त्याले आणा लागते."

खरं सांगतो, सरकारी बाजू जास्त भक्कम होती. पण डाव्या खुर्चीतला माणूस इतक्या आशेने पाहत होता की मी आठवड्याचा एक पॅरोल मंजूर केला, रविवारी, एका प्लेटीच्या अटीवर. ते उठून कमरेत वाकले. आतून बायकोने विचारलं, "अन् मी अपील केलं तर?"

"ताई, तुमच्या कोर्टात आमी उभे राहू शकत नाई," ते म्हणाले आणि लगेच घरी गेले.

पहिले काही रविवार सुरळीत गेले. मग माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं. आम्ही मूळचे अकोल्याचे, जठारपेठेतले. वकीलसाहेब सोबत आले. वार बुधवार होता, त्यामुळे ते डब्यात काकडी घेऊन निघाले होते. बडनेरा गेलं, काकडी खाल्ली. कुरूम आलं आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"जिल्हा बदलला, सर."

"मग?"

"निखिलचा हुकूम अमरावतीचा आहे. अकोला जिल्ह्यात त्याले अधिकारक्षेत्र नाई."

त्या दिवशी जठारपेठेत वकीलसाहेबांनी अधिकारक्षेत्राचा जो वापर केला, तो मांडवातल्या लोकांनी उभं राहून पाहिला. वाढपी आग्रह करायला यायचे आणि आग्रहाला वावच मिळायचा नाही. माझी आत्या, जिने आयुष्यभर पंगतीत लोकांना जबरदस्तीने वाढलं आहे, ती माझ्या कानात म्हणाली, "तुह्या वकिलाले आता पुरे म्हण रे बाप्पा."

परत आल्यावर वजन करायचं ठरलं. निखिलने पाठवलेल्या चपट्या काचेच्या काट्यावर साहेबांचा विश्वास नव्हता. ते मला धान्याच्या एका अडतीवर घेऊन गेले. अडत्या जुना पक्षकार होता. पोत्यांच्या काट्यावर वकीलसाहेब उभे राहिले आणि हमालाने आपल्या सवयीने ओरडून सांगितलं, "एक क्विंटल दोन!"

"बारदाना वजा कर," पोत्याचं वजन कापायला सांगावं तसं वकीलसाहेब म्हणाले.

"कोणता बारदाना, साहेब?"

"हा सदरा, पँट, पट्टा, घड्याळ. अन् ओलाव्याची कट काढ. सकाळपासून पाणी पेलो आहे मी. कास्तकाराच्या सोयाबीनमंदी काढता न तुमी? मंग माह्यात काहून नाई?"

अडत्याने हसत हसत जमेल तेवढी कट काढली, तरी आकडा काही नव्वदकडे वळेना. स्कूटर त्यांनी सरळ घराकडे वळवली. घराशी उतरले आणि म्हणाले, "सर, आरोपीनं अटी मोडल्या. आता त्याले बाहेर सोडता येत नाई. पण पॅरोलचा हक्क काही मरत नसते. तो दुसऱ्याच्या नावे करून देता येते."

तो दुसरा म्हणजे मी. असा मी लठ्ठ होत गेलो.

आणि ते बारीक होत गेले. यात मात्र चेष्टा नाही. सकाळी उठून ते मैदानाला चकरा मारायचे, सुरुवातीला एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, मग न बसता. सोफ्यातून ते एकटे उठायला लागले. ओट्स खाताना शिव्या द्यायचे पण खायचे. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा बायकोने त्यांना सदरा मागून आवळून घ्यायला दोन पिना दिल्या, एवढा तो ढगळ झाला होता. नव्वदचा आकडा अगदी हाताशी आला होता.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी निखिल आला. रविवारी संध्याकाळी वजन, असं बापलेकांचं ठरलं. सकाळी निखिल आमच्या अंगणात चहा प्यायला आला आणि सहज बोलून गेला, "काका, बाबांच्या हातचे रोडगे खाऊन किती वर्षं झाली असतील हो?"

रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची भाजी नि वरण. आमच्या वऱ्हाडात ते बहुतेक पुरुषच करतात. आणि ते एकट्यासाठी कोणी करत नाही. गोवऱ्यांची रास पेटवायची, धुरात बसायचं, ते काय एका पोटासाठी? काकू गेल्यापासून वकीलसाहेबांच्या अंगणात तो धूर झाला नव्हता.

निखिल हे माझ्याकडे बोलला आणि मी मूर्खासारखा ते वकीलसाहेबांकडे बोललो. तासाभरात गवळ्याकडून गोवऱ्या आल्या. वकीलसाहेब बाही सारून परात घेऊन बसले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, आधी वजन करा, मग जेवा. आज काठावर आहात तुम्ही."

"वजन संध्याकाळी ठरलं आहे. पोराले तोवर उपाशी ठेवू?"

"मग त्याला वाढा. तुम्ही नेहमीसारखी चव घ्या. मी आहे ना तुमच्या वतीनं."

त्यांनी कणीक मळता मळता मान वर केली. "तुमी शेजारी आहा, सर. तुमी खाल्लं अन् मी पाह्यलं, तं चालते. पोरगा खाईन अन् बाप पाहत बसीन, तं पोराच्या घशाखाली घास उतरीन काय?"

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. वकीलसाहेबांनी रोडगा फोडला, त्यात तुपाची वाटी उपडी केली आणि पहिला निखिलच्या ताटात ठेवला, दुसरा आपल्या. मला वाटलं, दुसऱ्यावर थांबतील. निखिल म्हणाला, "बाबा, अजून एक घ्या ना," आणि त्यांनी घेतला. निखिल लहानपणीचं काहीबाही सांगत होता, ते हसत होते, आणि हसता हसता वाढून घेत होते. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या स्वतःच्या वतीने जेवलो, पण माझंच लक्ष जेवणात नव्हतं. मला अकरावा मजला दिसत होता.

संध्याकाळी त्यांनी तो काचेचा काटा स्वतःच अंगणात आणून ठेवला. कपड्यांवरून, पाण्यावरून एक अक्षर बोलले नाहीत. वर चढले, हात मागे बांधले आणि समोर पाहत उभे राहिले. आकडा नव्वदच्या पुढे गेला. फार नाही, पण गेला.

"गुन्हा कबूल आहे," ते म्हणाले. "कोणती बॅग घेऊ, सांग. मोठीचं चाक तुटलं आहे."

निखिल उकिडवा बसून त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याने दुपारी त्यांना जेवताना पाहिलं होतं, आणि कोणासाठी जेवले ते काही त्याला कळत नव्हतं असं नाही. शेवटी तो वर न बघता म्हणाला, "पुढची तारीख देतो, बाबा. महिन्याभराने बघू."

"फोनवर पाहशीन?"

"फोनवर तुम्ही खोटं सांगता. मीच येईन."

मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला सांगताना मोठ्याने बोललो आणि तिने मला गप्प केलं. भिंत पातळ आहे.

निखिल खरंच आला. पुढच्या महिन्यात आला, वजन पाहिलं, आकडा नव्वदच्या किंचित पुढे. त्याने कपाळाला हात लावला, रात्रभर राहिला, बापासोबत जेवला आणि पुन्हा तारीख देऊन गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. एकदा तर सूनबाईही आली. चकरा चालू होत्या, ओट्स चालू होते, सोफा शरण आला होता, डॉक्टर खूश होते. तारखेच्या दिवशी तेवढा आकडा नेमका नव्वदच्या पुढे. हे गणित मला सुटेना.

गेल्या महिन्यात मधल्या एका दिवशी मीच त्यांना त्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी! मी पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "झालं वकीलसाहेब, या खेपेला सुटलात!" त्यांनी पाठीवरची थाप घेतली आणि काटा उचलून आत नेला. खूश काही दिसले नाहीत.

निखिल शनिवारी यायचा होता. शुक्रवारी मी कॉलेजातून परत येत होतो, तर कचोरीच्या दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर वकीलसाहेब एकटे बसलेले. समोर प्लेट. पॅरोलचा वार नाही, जिल्हाही बदललेला नाही. मी रागानेच आत गेलो, पण जवळ गेल्यावर माझा राग जागच्या जागी थांबला. कचोरी खाणाऱ्या माणसाचा चेहरा मी ओळखतो, तो हा नव्हता. लहान पोर काढा घेतं तसे ते एकेक घास नेटाने गिळत होते.

"वकीलसाहेब, उद्या तारीख आहे. काय करून राहिले हे?"

माझ्या तोंडी त्यांची बोली ऐकून ते जरा हसले. शेजारची जागा हाताने झटकून दिली. मी बसलो.

"सर, येवढी वर्षं कोर्टात काढली," ते हळू आवाजात म्हणाले. "खटला चालू असते तोवर पक्षकार दर तारखेले येते. बसते, च्या पेते, घरचं सांगते, लेकराबाळाचं सांगते. आपल्याले बी त्याची वाट पाह्याची सवय लागते. निकाल लागला, मंग तो जिंकला का हारला, परत काही येत नाई. सडकेवर भेटला तं हात करते, बस." त्यांनी प्लेटीतला तुकडा इकडचा तिकडे केला. "माहा निकाल लागला तं पोरगं कायले येईन हो?"

दुकानात मोठा गलबला होता. तळणाचा आवाज, गिऱ्हाइकांची घाई. मी त्यांच्या प्लेटीकडे पाहिलं. एवढे महिने यांच्या वतीने खात आलो, यांच्या जिभेचा शब्द न् शब्द मला पाठ, आणि हे मला दिसलं नव्हतं.

"पण वकीलसाहेब," मी म्हटलं, "दोन किलोची तूट आहे. एवढ्याशा कचोरीनं ती भरून निघणार नाही."

त्यांचा चेहरा खरोखरच काळजीत पडला. "मंग?"

"आणखी सांगू?"

"सांगा," ते म्हणाले, आणि मी उठलो तसा माझा हात धरला. "दोन सांगा, सर. एक तुमची, तुमच्यासाठीच. एकट्याच्यानं जात नाई."